ओट्यावरची थापी

उमेळ्यात आमच्या आळीतली जुनी कौलारू घरं पुन्हा उभी राहिली ती एका गवंड्यामुळे. घर पाडायला बोलावलं तर तो येत नाही. दुरुस्तीला बोलावलं की येतो आणि काम सुरू करण्याआधी भिंतीवर तळहात ठेवून जरा वेळ उभा राहतो. बोलतो कमी. पसंत नसलं की ‘हूं’ म्हणतो, पसंत असलं तरी ‘हूं’च.

संध्याकाळी आजोबांच्या ओट्यावर बसावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारावी, या ओढीनं मीही घर नीट करून घेतलं. काम संपलं त्या दिवशी स्टेशनजवळच्या फ्लॅटमधून मी कुलूप घेऊन गेलो. त्यानं सगळं सामान आवरलं, थापी मात्र ओट्यावरच ठेवली.

“ही राहिली,” मी म्हटलं.

“राहू दे. घरात पयला चा झाला का नेन. आमच्यात तसंच हाय.”

घरात गॅस नव्हता, दूध नव्हतं. “मुलांच्या परीक्षा झाल्या की येतोच राहायला,” मी म्हणालो.

“हूं.”

निघताना दिसलं, शेजारच्या बंद घराच्या ओट्यावर त्याचा ओळंबा होता आणि त्याच्या पलीकडच्या घरासमोर घमेलं.

परीक्षा होऊन गेल्या. परवा गेलो तर तो आमच्या ओट्यावर बसून थापीला तेल लावत होता. मला बघून सरकला, जागा केली.

“एकटंच आलाव?”

माझ्या हातात नुसती चावी होती. ती त्यानं पाहिली, थापी फडक्यानं पुसली आणि होती तिथेच परत ठेवली.