मुसक्याला नियम नव्हता

सन एकोणीसशे आठ. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मराठी दुसरी पास होतो. नापास असतो तरी चाललं असतं, कारण माझं काम वासरं राखायचं होतं. पण पास होतो हे आधीच सांगून ठेवतो. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

त्या काळी देवीची लस वासराच्या पोटावर तयार करत. आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात. वासराला कलत्या फळीवर आडवं बांधायचं, पोटावरचे केस वस्तऱ्यानं काढायचे, कातडीवर बारीक रेघा ओढून त्यात जुनी लस भरायची. पाचव्या दिवशी तिथं फोड टरारून येत. ते खरवडून घेतले की झाली नवी लस. तिनं गावोगावच्या पोरांचे दंड टोचायचे. या कामाचा एक गोठा मंगळवार पेठेच्या पलीकडं, वस्ती संपते तिथं होता. महाराजांचं राज्य होतं, खेड्यांत देवीनं पोरं पटापट जात होती, त्यामुळं कामाला मान होता. त्यातला थोडा माझ्याही वाट्याला येई आणि मी तो सोडत नसे.

गोठ्याच्या दारात एक काळी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं बाळबोध अक्षरांत नियम लिहिलेले. वासराला काठी लावू नये. दोरी चार हातांपेक्षा आखूड नसावी. खाली कोरडा पेंढा रोज बदलावा. सहा महिन्यांच्या आतलं वासरू घेऊ नये. पोटावरची खपली पडेपर्यंत सोडू नये. गोठ्यात दुसरं जनावर आणू नये. ठरलेल्या वैरणीशिवाय काही खाऊ घालू नये. मला सगळे तोंडपाठ होते. पाटी लिहिणाऱ्याला जनावराची माया होती, हे मी आजही म्हणतो. माझ्या बापानं घरचा बैल इतका जपला नव्हता. फक्त त्या माणसानं कधी गाय पिळली नसावी.

पाटीशिवाय एक वही होती. वासरू कधी आलं, किती महिन्यांचं, आज किती खाल्लं, अंग किती तापलं, हे सगळं गोठ्याचा कारकून रोज संध्याकाळी तिच्यात लिही आणि खाली राखणदाराची सही घेई. माझ्या आधीचा राखणदार अंगठा उठवायचा. मी सही करायचो, आणि तिच्याखाली एक लांब रेघ ओढायचो. कारकून म्हणायचा, “या पंडित, उमटवा.” त्याची थट्टा मला कळायची, पण रेघ ओढायचं मी सोडलं नाही.

वहीत काय लिहिलंय ते मी वाचत नव्हतो. वही मोडी लिपीत होती. मोडी तिसरीत लागायची आणि मी दुसरीनंतर शाळा सोडलेली. बाळबोध मला यायचं, एकेक अक्षर धरून. पण “मला मोडी येत न्हाई” हे त्या कारकुनाला सांगायला जीभ वळली नाही. वर्षभर मी न वाचता सही केली आणि वाचल्यासारखं तोंड केलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात लस कमी पडली. लस टोचणारे डॉक्टर गावोगाव फिरतीवर, वासरं मिळेनात. एके दिवशी कारकुनानं शिवाजी पेठेतल्या एका मुसलमान म्हातारीचं वासरू आणवलं. तिला आम्ही चाची म्हणायचो. दहा-बारा घरी ती दूध घालायची, गाय एकच. वासरू तांबडं, कपाळावर चांद. मी डोकं चाचपलं. शिंगाची गाठसुद्धा हाताला लागेना.

“हे अडीच महिन्यांचं हाय,” मी म्हणालो. “दुधावरचं हाय.”

“अंगानं थोराड आहे,” कारकून म्हणाला. “तुम्ही तुमचं पेंढ्याचं बघा.”

दुसऱ्या दिवशी त्याला फळीवर घेतलं, पाचव्या दिवशी लस निघाली. लस चांगली निघाली, हे खोटं सांगणार नाही. डॉक्टर ती घेऊन हुपरीकडं गेले. त्यांचं काम झालं, वासराचे हाल मात्र आल्या दिवसापासून चालू होते. पुढ्यात ठरलेली वैरण पडलेली असायची. त्याला ती चावायची कशी हेच माहीत नव्हतं. हुंगायचं आणि माझी बोटं चोखायचं. पहिले काही दिवस मी घरून शेळीचं दूध चोरून लोट्यात आणलं, बोटं बुडवून चाटवलं. मग एकदा कारकुनानं पाहिलं आणि लोटा पालथा केला.

“पाटीवर काय लिहिलंय? वाचता येतं ना?”

“येतं.”

“मग झालं तर.”

तिकडं चाचीची गाय पान्हा सोडेना. आमच्याकडच्या गाईच्या सडाला वासराचं तोंड लागल्याशिवाय धार निघत नाही. कास दगडासारखी झालेली. चाची रोज सकाळी गाय घेऊनच गोठ्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. गाय बाहेरून हंबरायची, वासरू आतून.

“एक डाव तोंड लावू दे रं लेकरा. एकच डाव.”

“नियम न्हाई चाची. गाय त्याचं पोट चाटंल, खपली निघंल.”

“मग चाटू देऊ नगंस. तू कशाला हाईस हितं? रेघा वढायला?”

माझ्या सहीखालच्या रेघेची थट्टा फाटकापर्यंत पोचली होती. कारकून आतून ओरडला, “म्हातारे, एखाद्या मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भर आणि गाईपुढं धर. सोडेल पान्हा.”

चाची त्याच्याकडं बघून म्हणाली, “वासरू जित्तं हाय अजून. मेल्यावर तुझ्याकडनंच घिऊन जाईन कातडं.”

पण तिच्या ‘चाटू देऊ नगंस’वरून मला सुचलं. मळणीच्या वेळी बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीचं जाळं बांधतात, ते मुसकं. ते गाईला घातलं तर ती हुंगेल, पण चाटणार नाही. वासरू पिईल, पोटाला धक्का नाही. पाच मिनिटांचं काम. मी कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, “तपासनीस साहेब येणार आहेत, त्यांना सांगा.”

वासरू आल्यापासून आठव्या दिवशी साहेब टांग्यातून आले. महिन्याकाठी एकदा येत. माणूस वाईट नव्हता. जोडे बाहेर काढून गोठ्यात आले, पेंढा हातानं चाचपला, दोरी हातानं मोजली, पाण्याचं घमेलं वाकून बघितलं. वासरू कोपऱ्यात बसलेलं. उठलं नाही.

“शांत आहे,” साहेब म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “शांत न्हाई साहेब, उपाशी हाय. दुधावरचं हाय ते.”

“किती महिन्यांचं?”

“आठ,” कारकून म्हणाला.

“अडीच,” मी म्हणालो.

साहेबांनी वही मागवली. पान उलटलं, बोट ठेवलं. “इथं आठ लिहिलंय. वैरण रोज पूर्ण खाल्ली, असंही लिहिलंय. खाली सही कुणाची?”

“माझी.”

“वाचून केली की न वाचता?”

कारकून माझ्याकडं बघत होता. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पंडित म्हणताना असायचं तेच. ‘न वाचता’ एवढं म्हटलं असतं तर साहेबांनी वासराच्या डोक्यावरून हात फिरवून पाहिला असता, असं मला आजही वाटतं. पण मी म्हणालो, “वाचून.”

“मग आज दुसरं कसं सांगता?”

डोक्यात राग, आणि राग कुणावर तेही कळेना. शेवटी मुसक्याचं काढलं. गाय फाटकाशी आहे, मुसकं घालतो, पाच मिनिटं, मी स्वतः धरतो.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “पाटीवर मुसक्याचा नियम आहे का?”

“न्हाई.”

“मग मी तपासू काय? दोरीचा नियम आहे, दोरी मोजली. पेंढ्याचा आहे, पेंढा पाहिला. तुमच्या मुसक्याचं वरती लिहून विचारावं लागेल.”

“तवर ह्ये जगंल का साहेब?”

“वहीत तर ते व्यवस्थित खातंय,” असं म्हणून त्यांनी सर्व ठीक असल्याचा शेरा मारला. तो मला वाचता आला नाही. टांगा गेल्यावर कारकुनानंच वाचून दाखवला, दोनदा.

त्या संध्याकाळी वासराला मी मांडीवर घेऊन बसलो. मान धरवत नव्हती. माझी बोटं चोखायचंही त्यानं सोडलं होतं. कारकुनानं वही पुढं केली.

“उमटवा पंडित.”

“आज काय लिहिलंय?”

“वाचा की.”

मी वहीकडं बघितलं. ओढलेल्या सुतासारखी ती अक्षरं, कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात देव जाणे. “मला मोडी येत न्हाई,” मी म्हणालो.

तो हसला, आणि बराच वेळ हसला. मला वाटलं होतं त्याहून कमी लागलं ते. “मग अंगठा द्या,” तो म्हणाला. मी अंगठाही दिला नाही. त्या दिवसाच्या सहीची जागा तशीच मोकळी राहिली आणि तो चडफडत घरी गेला.

घरी जाऊन मी खुंटीवरचं बैलाचं मुसकं काढलं, दोरी सैल झालेली होती ती आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकून यायच्या आधी गोठ्यावर गेलो. चाची फाटकाशी होतीच. मी फाटक उघडलं आणि म्हणालो, “आण आत.” तिनं एकदा पाटीकडं बघितलं, तिला काही वाचता येत नव्हतं, आणि गाय आत घातली. मुसकं मी बांधलं. वासराला पोटाखाली हात न लावता, छातीला आणि मागं धरून उभं केलं आणि तोंड सडाला लावलं. पहिल्यांदा त्याला धरताच येईना. चाचीनं कास चोळली, दोन थेंब त्याच्या जिभेवर पाडले. मग गाईनं एकदम पान्हा सोडला, दूध त्याच्या दोन्ही गालांवरून वाहायला लागलं. गाय मुसक्यातून नुसती फुरफुरत होती. खपलीला धक्का लागला नाही. मी वाकून बघितलं, दोनदा.

मग हात धुतले, वही काढली आणि कालच्या मोकळ्या जागेत, मोडीच्या त्या ओळींखाली, बाळबोधीत लिहिलं. एकेक अक्षर हरभऱ्याएवढं. ‘वासरू अडीच महिन्याचं हाय. वैरण खात न्हाई. आज आईचं दूध पाजलं. मुसकं घालून पाजलं. मी पाजलं.’ खाली सही केली. रेघ ओढली नाही.