गंभीर भुतांचं पुस्तक

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या क्वार्टरमध्ये उलटं होतं, ब्रह्मराक्षसापाठी सासूबाई. सासरे गेल्यापासून दुपारचं जेवण उरकलं की त्या मोबाईलवर भुताचा पिक्चर लावायच्या आणि शेंगा सोलत शांतपणे मुडदे उठताना बघायच्या. घाम फुटायचा तो माझ्या नवऱ्याला. स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसच्या धगीसमोर उभा राहणारा हा शूर माणूस, पण आईला बाहेरचं काहीतरी लागलंय असं त्याने ठरवून टाकलं. कुरुदला कोणी झाडफूक करणारा आहे म्हणे, रविवारी तिला तिथे न्यायचं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जगात शिकलेसवरलेले लोक या पिक्चरांवर पुस्तकं लिहितात. एक आणून तुझ्यापुढे ठेवते, मग बघू कोणाला झाडायचं ते.

बोलून बसले, मग जाणं आलं. सुपेल्याच्या बाजारातल्या पुस्तकवाल्याला हिंदीत सांगितलं, हॉरर फिल्मों पर कोई गंभीर किताब दीजिए. त्याने विचारलं, गंभीर म्हणजे जास्त डरावनी? नाही हो भाऊ, विचारांची. 'अच्छा, विचार' म्हणत त्याने सुविचारांचं पुस्तक काढलं. ते परत केल्यावर भूतबाधेवरचे उपाय आले, वर लिंबू-मिरचीचं चित्र. नवऱ्यासाठी घ्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी ऑनलाइन एक मिळालं आणि नशिबाने शनिवारी घरी आलं. जाडजूड, इंग्रजी. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, नवऱ्याला पुस्तक सोसत नाही. मग दोघांना समोर बसवून मीच मराठीत सांगू लागले. पहिलाच धडा, माणसं भीतीचे पिक्चर का बघतात. लेखकाने कारणांचा नुसता ढीग घातला होता, बालपण, समाज, मन, काय न् काय. सगळं कळत असल्यासारखा नवरा मान डोलवून राहिला होता.

सासूबाईंनी मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"लय इचार केला हाय त्यानं," त्या म्हणाल्या. "मले तं कोनी इचारलंच नाही."

घ्या. विचारांच्या पुस्तकासाठी सारं सुपेला पालथं घातलं, पण घरातल्या घरात विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली. नवऱ्याने खाली बघतच विचारलं, "कावून पाहतं माय तू?"

"त्याच्यात मेलेला मानूस घरी येते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनत्या पिक्चरात येते, सांग."

रविवारी कुरुदला कोणी गेलं नाही. दुपारी नवरा आईशेजारी शेंगा सोलायला बसला. पिक्चरमध्ये दार वाजलं तशी दोघांनी मान वर केली, आणि बघितलं ते आमच्या दाराकडे.