खंडेनवमीचा पाना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्ञानू मिस्त्रीला न ओळखणारा माणूस भेटला, तर तो खुशाल परगावचा समजावा. ऑइल इंजिनं खोलता-जोडता त्याचे केस पिकले, पण दुकानातून नवी वस्तू विकत आणणं हा त्याच्या लेखी पराभवच. घरातला पंखा त्यानं जमवलेला, मिक्सर जमवलेला. स्कूटरवर तर कंपनीचं म्हणावं असं नुसतं नाव उरलेलं. "बायको तेवढी गड्याला तयार मिळाली," असं शेजारच्या शेडमधला बाबासो कांबळे चारचौघांत सांगायचा. ज्ञानूची बायको शालन जवळपास असली, की जरा जास्तच मोठ्यानं सांगायचा.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास ज्ञानूच्या लेकीला, अक्षताला, कंप्युटर हवा झाला. ज्ञानूनं तोही जमवला. आतला माल कुठनं कुठनं आणला. पण बाजारातला डबा हातात घेतला आणि त्याला हसूच आलं. "ह्यो पत्रा? ह्याच्यापेक्षा आमच्या शालीचा पापड जाड असतोय!" मग त्यानं स्वतः जाड पत्र्याचा डबा घडवला. खाली अँगलचे पाय. पुढं पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची बटणं, हिरवं चालू आणि लाल बंद. झाकणाला तेरा नंबरच्या पान्यानंच हलतील असे बोल्ट, तेही ताकद लावून पिळलेले. दोन माणसं लागायची तो उचलायला. बाबासो बघायला आला आणि दारातच थबकला. "ज्ञानबा, ह्यात डिझेल कुठनं घालायचं गा?"

तर अशा ह्या यंत्रावर एके वर्षी अक्षताचं लग्न अडकलं.

स्थळ शिरोळचं. मुलगा राजवीर मस्कतला, मोठमोठ्या जनरेटरांवर काम करणारा. त्याला शुक्रवारी सुट्टी. तेव्हा आई-बाप कोल्हापूरला येऊन मुलगी समोर बघणार आणि पोरगा कॅमेऱ्यातून बघणार, असं ठरलं. बोलणी झाली, शुक्रवार पक्का झाला, आणि मग शालननं कॅलेंडर बघितलं. खंडेनवमी.

खंडेनवमीला उद्यमनगर कसं असतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. एरवी कानठळ्या बसवणारा सगळा भाग गप्प. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला कुंकू, पाने, पकडी, हातोडे पाटावर मांडलेले. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याचं शिलंगण झाल्याशिवाय कुणी हलवत नाही.

ज्ञानूनं सकाळी विचार केला, की संध्याकाळी पाहुणे येणार, तर यंत्र ताजंतवानं असावं. पडद्यावर कधीपासून एक खिडकी अपडेट करा, अपडेट करा म्हणून मागं लागली होती. त्यानं 'हो' दाबलं आणि आंघोळीला गेला. इकडं शालन आरती घेऊन आली. बघते तर डबा घरघरतोय. चालत्या यंत्राची पूजा करायची कशी? तिनं लाल बटण दाबलं, डब्याला हळद-कुंकू लावलं, माळ घातली आणि हात जोडले.

ज्ञानू आंघोळ करून आला. हिरवं बटण दाबलं. पंखा फिरला, चित्र उमटलं, पडदा काळा झाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा काळा. पुन्हा सुरू.

"बाबा, अपडेट अर्धवट राहिलंय," अक्षता म्हणाली. "सीडी आणून परत घालायला पायजे."

"अपडेट तुला दिसतंय का कुठं?"

"ते दिसत नसतंय."

"मग जे दिसत न्हाय ते बिघडंल कसं? आत काय तरी हललंय. खोलून बघायला पायजे."

असं म्हणून तो पाटावरच्या पान्याकडं वळला, तर शालन पाटासमोर ठाण मांडून बसलेली. "हात लावायचा न्हाय!"

"अगं, लेकीचं लग्न हाय!"

"म्हणूनच! देवीला दुखवून सोयरीक करताय व्हय?"

ज्ञानू रस्त्यावर आला आणि दुपार कलेपर्यंत शेडमागून शेड हिंडला. जिथं एरवी मागितल्याबरोबर चार पाने पुढं यायचे, तिथं एक मिळेना. सगळे पाने कुंकवात. एकानं तर त्याला हात जोडून प्रसाद दिला आणि वाटेला लावलं. तेरा नंबरसाठी फिरणारा माणूस खिशात चार पेढे घेऊन परत आला.

शेवटी तो बाबासोच्या दारात उभा राहिला. कांबळ्यांच्या घरात बाबासोच्या आज्याच्या काळापासून बुद्धवंदना. खंडेनवमी तिथं येत नाही. उद्या विहारात कार्यक्रम, म्हणून आजच काम उरकायला बाबासो लेथ फिरवत होता. सगळ्या उद्यमनगरात तेवढा एकच आवाज.

"तेरा नंबर दे."

"का? तुझा कुठं गेला?"

"पाटावर बसलाय."

बाबासोनं लेथ बंद केला, म्हणजे आता हसायला मोकळा झाला. "वरीसभर पान्याला शिव्या घालायच्या, आदळायचं, आणि एक दिवस पेढा दाखवायचा! त्यापरीस आमचं बरं. रोज राबवतो, रोज पुसून ठेवतो."

"पाना दे, भाषण नको."

"देतो की. पण वहिनीस्नी चालंल का इचार."

शालननं बराच वेळ विचार केला. मग निकाल दिला, की पूजा आपल्या पान्याची झालीय, बाबासो भावजींच्या पान्याची झालेली नाही. तो फिरला तर देवीचं काही जात नाही. डबा काही हत्यार नव्हे, फक्त त्याची माळ काढायची नाही.

तेव्हा माळ बाजूला धरून ज्ञानू बोल्ट पिळू लागला. अक्षता "सीडी घेऊन येते" म्हणून बाहेर पडली, आणि झाकण निघालं त्याच घटकेला पाहुणे दारात आले.

चिमणाबाई, म्हणजे मुलाची आई, आत जाऊन शालनशी बोलत बसली. मुलाचे वडील पिराजीराव मात्र उंबऱ्यातच थांबले. शिरोळला त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. त्यांनी तो डबा बघितला, बोल्ट बघितले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाना कुणाचा?"

"कांबळ्यांचा," ज्ञानू घाबरत म्हणाला.

"मग चालतंय," म्हणून पिराजीरावांनी टोपी काढली, बाह्या सारल्या आणि मांडी घातली. "सरका पावणं. काय हुतंय नेमकं?"

"चालू हुतंय आणि मरतंय."

"डिझेलात हवा धरल्यावाणी?"

"अगदी तसंच की!"

मग काय विचारता. दोघांनी एक-एक भाग काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, खोडरबरनं घासला, फुंकला, परत बसवला. दर खेपेला हिरवं बटण, दर खेपेला काळा पडदा. बाबासोही पाना परत न्यायच्या निमित्तानं येऊन बसला आणि पंख्याचा आवाज ऐकून निदान सांगू लागला. पोहे गार झाले. ज्या वेळी मस्कतहून पोरगा दिसणार होता ती वेळ केव्हाच टळली. आतून चिमणाबाईनं दोनदा हाक मारली, "अवं, पोरगी कुठाय?" तर पिराजीराव डब्यातून मान वर न करता म्हणाले, "थांब गं, आता सापडतंय."

एवढ्यात अक्षता आली. हातात सीडी नव्हती.

"झालं माझं बघून," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"सीडी मागायला नेट कॅफेत गेलते. त्यांनी सगळ्या मशिनी पुजल्यात, गिऱ्हाइकांसाठी एक तेवढं पूजेतनं वगळलंय. त्याच्यावर बसले. मस्कतला लावलं, लई बोललो आम्ही. मला पसंत हाय. त्यांनाबी हाय."

शालननं पदर तोंडाला लावला. चिमणाबाई साखर शोधायला उठली. ज्ञानू मात्र हातातला पंखा घेऊन तसाच बसलेला.

"मस्कतला इंजिनाचं काम करतोय न्हवं पोरगा? त्याला इचारलंस, असं मधीच बंद पडलं तर काय करायचं?"

"इचारलं की."

"मग?"

"म्हणले, लग्नात नवीन घेऊ."

शालनला वाटलं, मोडलं. नवीन घेणारा जावई! पिराजीरावांनी पोराच्या वतीनं लाजून मान खाली घातली. "मस्कतला जाऊन बिघडलंय ते," ते पुटपुटले.

ज्ञानूनं पंखा खाली ठेवला, लेकीच्या तोंडाकडं बघितलं, मग उघड्या डब्याकडं.

"घे म्हणावं नवीन," तो म्हणाला. "पण डबा मी करणार."

"आणि बोल्ट शिरोळहून येणार," पिराजीराव म्हणाले. "सतरा नंबरचं."