‘आपण’ म्हणजे कोण कोण

पत्रकवालीनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला तो एका शब्दापायी.

वस्तीत तिला सगळे पत्रकवालीच म्हणत. या परक्या देशात आपल्या भाषेत जे काही छापून यायचं, ते हिच्या हातचं. जाहिरात कंपनीत बारा वर्षं तिचं कामच ते, बड्यांचं म्हणणं आपल्या माणसांच्या गळी उतरवायचं. लस असो, बँक असो, शाळेचे अर्ज असोत, पत्रक हिचं आणि फोनवरचा आवाजही हिचाच. लोक डोळे झाकून विश्वास ठेवत.

पहिल्याच वर्षी तिनं मीटिंगमध्ये मोठ्या हौसेनं साहेबांना शिकवलं होतं, की तुमच्याकडे ज्याला एकच शब्द, त्याला आमच्याकडे दोन. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर, ‘आपण’ म्हटलं की घरात. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. शहाणपणा नडतो तो असा! तेव्हापासून हुकूमच सुटला, प्रत्येक पत्रकात ‘आपण’.

यंदा गिऱ्हाईक होतं एक बिल्डर. वस्तीतल्या चार जुन्या इमारती पाडायच्या, माणसं शहराबाहेर दीड तासावर न्यायची, आणि त्यासाठी घरटी सही हवी. त्यातल्याच एका इमारतीत तिची मावशी एकटी राहायची, हट्टानं. आई गेल्यावर हिला मावशीनंच शिवणकाम करून वाढवलं. मग हिनं तिला इकडे आणलं. आता मावशीचे गुडघे गेलेत, पण दवाखाना, किराणा, गप्पांच्या शेजारणी, सगळं हाकेच्या अंतरावर.

पत्रकवालीनं मसुद्यात लिहिलं, ‘आम्ही तुम्हाला नव्या घरी नेणार आहोत.’ साहेबांना आपली भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण तो शब्द ते नजरेनं ओळखायला शिकले होते. बोट ठेवून म्हणाले, इथे दुसरा हवा. ती म्हणाली, खोटं होईल, आपल्या कंपनीतलं कोणीच तिकडे जाणार नाही. साहेब गोड हसले आणि तिच्या परवान्याची मुदत कधी संपतेय ते विचारलं. नोकरी गेली की इथे राहायचा परवाना जायचा, तिचा आणि तिच्या आधारावर मावशीचाही. तिनं खोडलं आणि लिहिलं, ‘आपण नव्या घरी जाणार आहोत.’ फोनसाठी आवाजही भरला. मेली जीभ, अडखळलीसुद्धा नाही.

आठ दिवसांनी ती मावशीकडे गेली ती ठरवूनच, की दार लावायचं आणि हळूच सांगायचं, सही करू नकोस. बघते तर भांडी खोक्यांत भरलेली. जिन्यावरच्या बायका आधी नाहीच म्हणत होत्या, पण मावशीनं त्यांना पत्रक वाचून दाखवलं, फोनवरचा आवाज ऐकवला. मावशीसकट अकरा घरांच्या सह्या बिल्डरकडे पोचल्यासुद्धा.

“अगं, ‘आपण’ म्हणालीस ना तू,” मावशी म्हणाली. “म्हटलं, पोरगी बरोबर येतेय, मग घाबरायचं कशाला? तुझं घर मी माझ्या शेजारीच मागून घेतलंय.”

पत्रकवालीनं एक खोकं पुढ्यात ओढलं.

“कुठल्या बाजूला?”

“उजवीकडे. ऊन येतं म्हणे.”

“बरं केलंस,” ती म्हणाली, आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागली.