भिंगरी सिस्टर

आमच्या क्लिनिकात सिस्टरसाठी गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर त्या बसलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत. पेशंट नसला की खिडकीचे गज पुसत, फ्रिजमधल्या औषधांच्या तारखा पुन्हा पुन्हा वाचत, नाहीतर उगाच जिना उतरून चढून येत. डॉक्टर म्हणत, "सिस्टर, रिलॅक्स!" त्यावर उत्तर ठरलेलं. "बसली का जीव घाबरते, साहेब." आम्ही मुली मागून त्यांना भिंगरी म्हणायचो. एकदा त्यांनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फिरून राहिली म्हणून उभी आहो. थांबली का पडन."

सरकारी नोकरीत त्यांनी लसीचा डबा खांद्याला लावून चिचगडकडची जंगलातली गावं पालथी घातली होती. निवृत्तीनंतर गोंदियाला लेकीकडे आल्या, घरात करमेना, म्हणून आमच्या त्वचेच्या क्लिनिकात लागल्या. इथे बोटॉक्सने कपाळावरच्या आठ्या जात आणि गालांचे खळगे फिलरने भरत. फिलर म्हणजे सुईने कातडीखाली सोडायचं घट्टसर जेल. सुई डॉक्टरच मारत. सिस्टर तयारी करत आणि पेशंटचा हात धरून उभ्या राहत. सुरुवातीला त्यांना या सगळ्याचं नवल वाटे. "तिकडं सुई पाहून बाया झुडपात लपत होत्या. इथं हौसेनं टोचून घेऊन राहिल्या!" पण एकदा एका बाईला मी मागून हसले, तर लगेच झापलं. "हसू नको, पोरी. आरशात ते थोबाड तिले पाहा लागते, तुले नाई."

त्यांची एक सवय आम्हाला जास्तीची वाटे. दिवसभरात ज्यांना सुई लागली, त्या प्रत्येकीला त्या संध्याकाळी स्वतः फोन करत. दुखतं का, सूज किती, रंग कसा आहे. कोणी सांगितलेलं नव्हतं. "पाहिल्याबिगर घरी पाय निघत नाई," एवढंच म्हणत.

गोरेगावच्या वनिताताई आमच्याकडे आल्या त्या आपल्या साड्यांच्या दुकानातून थेट. शुगरमुळे वजन उतरलं होतं, गाल बसून नाकाशेजारच्या घड्या खोल झाल्या होत्या. गिऱ्हाईक साडी बघायच्या आधी विचारायचं, "बिमार आहा का, ताई?" त्या प्रश्नाला त्या कंटाळल्या होत्या. डॉक्टरांनी सकाळी अकराला नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत फिलर भरलं. त्या एसटीने गोरेगावला परतल्या. डॉक्टरांना साडेचारच्या गाडीने नागपूरला जायचं होतं.

दोन वाजता वनिताताईंचा फोन आला. उजवीकडे खूप ठणकत होतं. मी रिसेप्शनवर नवीन होते, पहिलीच नोकरी. समोर दोन पेशंट उभे होते. मी म्हटलं, "सूज येतेच ताई, बर्फ लावा." फोन ठेवला आणि विसरून गेले.

पाचला सिस्टरने त्यांना नेहमीचा फोन केला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. "पांढरं पडलं? अन् बाजूनं निळी जाळी? बोटानं दाबून पाहा, लाली लवकर येते का वापस? … बर्फ कोणं सांगतला? फेका तो. कोमट फडकं ठेवा अन् पोराले म्हणा, मोटारसायकल काढ. आत्ता."

जेल रक्तवाहिनीत शिरलं होतं. पुढे रक्त पोचलं नाही तर कातडी मरते आणि बर्फाने नसा आणखी आखडतात, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर गाडीत होते, फोन उचलेनात. सिस्टर दाराशी येत, रस्ता बघत, परत फोन लावत. शेवटी लागला. ते तुमसरला उतरून गाडी करून परत निघाले. तोवर मुलगा वनिताताईंना घेऊन आला. फिलर विरघळवायचं औषध सिस्टरने काढून ठेवलं होतं. ते टोचण्यासाठी त्यांचा हात शिवशिवत होता, मला दिसत होतं. पण ते काम आपलं नाही म्हणून त्या वनिताताईंच्या गालावर कोमट फडकं धरून राहिल्या. डॉक्टर पोचले आणि सुया दिल्या. तासाभराने त्या पांढऱ्या जागेत हळूहळू लाली आली.

चेहरा वाचला. नाकाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा डाग मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फाइल उघडून विचारलं, "पहिला फोन कधी आला होता?"

सिस्टर म्हणाल्या, "दोन वाजता. मी उचलला. बर्फ मीच सांगतला."

"आपसे ये उम्मीद नहीं थी, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात सिस्टर क्लिनिक सोडून गेल्या. मी गप्प राहिले.

पुढे कित्येक महिने फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उचलायचे. शेवटी एका रविवारी चिचगडला गेले. सिस्टर आपल्या जुन्या घरी परतल्या होत्या, अंगणात चारोळ्या वाळत घालत होत्या. मी रडत रडत माफी मागितली.

"मले कायले सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "डाग माह्या तोंडावर आहे काय?"

"तुम्ही स्वतःवर का घेतलं, सिस्टर?"

"तुई पहिली नोकरी. माही पेन्शन चालू." हात थांबला नव्हता. मग खाली बघतच म्हणाल्या, "मले वाटलं, दुसऱ्या दिवशी तू सांगशीन. आठ दिवस वाट पाहिली मी."

परतताना गोंदियाच्या एसटीतून मी वाटेत गोरेगावलाच उतरले. वनिताताईंना दुकानातच सगळं सांगितलं. त्या खूप रागावल्या. "तीन तास मी बर्फ घासून राहिली होती," म्हणाल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. जखम भरेपर्यंत सिस्टर रोज फोन करायच्या, क्लिनिक सुटल्यावरही, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं. माझं नाव एकदाही निघालं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच सिस्टरना स्पीकरवर फोन लावला, माफी मागितली, परत या म्हणाले.

"मी नाई येत आता, साहेब," पलीकडून आवाज आला. "पोरीले काढलं त नाई ना?"

"अजून नाही."

"ठेवा तिले. आता ती फोन बरोबर उचलन."