या म्हणणारं कोण

तामलवाडीत आमची खानावळ आहे, म्हणजे घराचीच पुढची खोली. तुळजापूरला जाणारी माणसं जेवायला थांबतात. दारात बसून माणसं बोलवायचं काम आमच्या ह्यांचं. माणूस उंबऱ्यावर आला की हे खुर्चीतून उठायचे आणि म्हणायचे, "या, बसा, घर आपलंच हाय." पाणीही स्वतःच द्यायचे. ज्यानं या म्हटलं त्यानंच पाणी द्यायचं, ही आमच्या घरची रीत. ते म्हणायचे, माणसाचं मन उंबऱ्यावरच ठरतं. तिथं बरं वाटलं तर भाजीत मीठ कमी पडलं तरी तो काही बोलत नाही.

मी पडद्यामागं भाकरी थापायची. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तिथंही हजेरीला ओ द्यायची मला लाज वाटायची. परक्या माणसापुढं गेलं की मला बोलताच यायचं नाही, ते अजून येत नाही.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वाचा परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही त्यांची खाट आतल्या खोलीत अशी लावली की पडल्या पडल्या पुढचं दार दिसावं. दिवसभर ते दाराकडं बघत राहतात.

मुलगा सोलापूरला असतो, तिसऱ्या मजल्यावर. तो म्हणाला, "आई, तुला माणसाकडं वर मान करून बघता येत न्हाय. गिऱ्हाईक दारातनंच परत जाईल. नवरात्रापर्यंत बघू, न्हाय जमलं तर बंद करू अन् दोघं माझ्याकडं चला."

त्याचं चुकत नव्हतं. पण तिथल्या दारातून समोर फक्त जिना दिसतो. दार दिसेनासं झालं तर हे फार दिवस काढणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

पहिले काही दिवस तो म्हणाला तसंच झालं. माणसं उंबऱ्यावर यायची, आत डोकवायची. मी पडद्याशी उभी राहायची आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. ती पुढच्या ढाब्यावर निघून जायची.

मग एका दुपारी ऊन अगदी डोक्यावर असताना एक जीपवाला सरळ आत आला आणि हात धुऊन बसला. मी तांब्या नेऊन ठेवला. तो म्हणाला, या म्हटल्यावर यावंच लागतं. मला वाटलं, हे बोलले. धावत आत गेले तर ह्यांचे ओठ मिटलेले, लाळ गळत होती, नजर दारावर. जवळ बसले, मिनतवारी केली, पुन्हा बोला म्हटलं. काही नाही.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी तसंच आत येऊ लागलं. उंबऱ्यावर थांबायचं नाही, विचारायचं नाही. कोणी म्हणायचं, इतक्या मायेनं कोण बोलावतं आजकाल. मला मात्र काहीच ऐकू यायचं नाही. पंख्याची घरघर तेवढी.

मी मुलाला फोन करून सांगितलं, तुझे वडील बोलतात. तो पहिल्या गाडीनं आला आणि खाटेशी बसून राहिला. दुपारी बांगड्यांची पेटी घेऊन म्हातारे मण्यारचाचा आले. दर आठवड्याला तुळजापूरच्या बाजाराला जाताना ते आमच्याकडं जेवतात. मुलानं बाहेर येऊन त्यांना विचारलं, "चाचा, तुम्हाला आत्ता कोणी बोलावलं? आमच्या वडलांनी?"

चाचा हसले. "मालकाचा आवाज मी वळखत न्हाय का? बाईमाणसाचा आवाज हुता. ह्यांचाच की." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. माझ्या हातात त्यांच्यासाठी भरलेला तांब्या होता.

मुलानं एकदा आतल्या खाटेकडं बघितलं, वडील बोलतील ही आशा गेली होती. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आई, मी हाय तवर मुकी बसतीस अन् माझ्यामागं एवढं बोलतीस व्हय?" खानावळ चालू दे म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. पण मी तोंड उघडलं नव्हतं. चाचा आले तेव्हा मी पडद्यामागं तव्यावरची भाकरी उलटत होते.

दुसऱ्या दिवशी मी पदराचा बोळा केला, दातांत घट्ट धरला आणि पडद्याशी उभी राहिले. रस्त्यानं एक बाई लेकराला घेऊन चालली होती. पार पुढं गेली होती. मध्येच थांबली, वळली आणि उंबरा ओलांडून आत आली. म्हणाली, "आले बाई, आले. किती हाका मारशील?" लेकरू माझ्या तोंडातल्या पदराकडं बघत तिच्या पाठीमागं लपलं.

मी आत बघितलं. हे पहिल्यांदाच दाराकडं बघत नव्हते. माझ्याकडंही नाही. माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, जिथं कोणी नव्हतं, तिकडं बघत होते. चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखीचं माणूस बघावं तसं बघत होते.

नवरात्र झालं, दिवाळी झाली. खानावळ चालू आहे, खाट तिथंच आहे. पडद्याशी उभी राहताना मी आता थोडी बाजूला सरकून उभी राहते, दोघींपुरती जागा ठेवून.