बॅटरीकडचा फ्यूज

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही आहे, असं म्हणवत नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं कार ऑडिओचं दुकान आहे. पूर्वी फिटिंगला सिद्धाराम होता. अँप्लिफायरची वायर बॅटरीतून निघते तिथे एक फ्यूज लागतो. शॉर्ट झालं तर तो उडतो, गाडी वाचते. एकदा नेमका तोच संपला होता आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. मी म्हणालो, "तसंच जोड, उद्या टाकू."

चौथ्या दिवशी गाडी पेटली. माणसं वाचली. गिऱ्हाईक ओरडतच दुकानात आलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सिद्धाराम विसरला."

गिऱ्हाईक गेल्यावर तो एवढंच बोलला, "असू द्या मालक. दुकान तुमचं हाय, नाव टिकलं पायजे."

पेठेत त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही. तो गावी, होटगीला गेला. गेल्या वर्षी वारला.

या उन्हाळ्यात एक शिक्षिका बाई गाडी घेऊन आल्या. अँप सारखा बंद पडायचा. तिसरी खेप होती.

"आमच्या ह्यांच्यासारखा आहे की तुमचा अँप! जरा आवाज चढवला की गप्प."

अर्थिंग, स्पीकरच्या वायरी, सगळं पुन्हा तपासलं. बॉनेट मात्र उघडलं नाही. खरं सांगतो, ती गाडी पेटल्यापासून तिथे माझा हातच जात नाही. ते काम दुसऱ्याकडून करून घेतो.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा माणूस म्हणतोय, बॅटरीकडचा फ्यूज बघा."

"कुठला माणूस? आज मी एकटाच आहे."

"आत्ता पायरीवर बसले होते की! मालकांना सांगा म्हणाले. बोटाला लाल नेलपॉलिश लागलेलं, म्हणून लक्षात राहिलं."

नट आवळला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा — सैल झाला तर लगेच कळावं म्हणून. ही सवय पेठेत एकट्या सिद्धारामची. बाटली त्याच्या बायकोची असायची.

पायरीवर कुणी नव्हतं. मी बॉनेट उघडलं. फ्यूजचा स्क्रू सैल होता, प्लास्टिक तापून वितळायला लागलं होतं. ते बदलून आवळलं. अँप तासभर वाजला, एकदाही बंद पडला नाही.

बाई यंदाच बदलून सोलापुरात आल्यात. त्यांनी सिद्धारामला पाहिलेलं असणं शक्यच नाही. पायरीवर कोण होतं, मला अजून सांगता येत नाही.

होटगीत त्याची बायको आणि मुलगी आहेत. त्या अजून समजतात, गाडी त्याच्या चुकीनं पेटली. चूक माझी होती, हे त्यांच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडून बाकी आहे.